बैल बंडीला ओढतो, बंडी बैलाला ओढते. मग बंडी पुढे जाते कशी?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून नववीतल्या मुलीने तीन प्रश्न पाठवले आहेत. पहिला तिच्या दादाचा: "बैल थांबले का बंडी थांबते, सिधी गोष्ट हाय. मंग बल नसलं तरी गती चालूच राह्यते, हे कायचं?" दुसरा तिचा स्वतःचा: बैल बंडीला, म्हणजे बैलगाडीला, जितक्या बलाने पुढे ओढतो तितक्याच बलाने बंडी बैलाला मागे ओढत असेल, तर बेरीज शून्य झाली, मग बंडी हलते कशी? तिसरा प्रश्न तिने जरा रागाने लिहिला आहे: "माझे बाबा जिनिंगमध्ये हमाली करतात. 50 किलोचं सरकीचं पोतं डोक्यावर घेऊन उभं राहिलं तर कार्य शून्य, असं आम्हाला शिकवलं. मग ते दमतात कशाने?"

पोरी, मी 32 वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवलं आणि सोबत घरचं वावरही वाहिलं. ज्यांना हे प्रश्न पडत नाहीत ती मुलं नियम घडाघडा म्हणतात आणि दहावी झाली की विसरतात. तुला पडले आहेत, तर उत्तर सावकाश वाच. एका बैठकीत नाही झालं तरी चालेल.

आधी शब्दांचा गुंता सोडवू, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. घरी आपण जोर, ताकद, दम, शक्ती, बल हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. बैलात ताकद आहे, मोटारीत दम नाही, जरा जोर लाव. भौतिकशास्त्रात यातल्या प्रत्येकाची जागा वेगळी. बल म्हणजे एका वस्तूने दुसऱ्या वस्तूला दिलेली ओढ किंवा ढकल. ते कोणाच्या अंगात साठून राहत नाही. बैलाच्या अंगात असते ती ऊर्जा, चारा आणि ढेपेतून आलेली. ती ऊर्जा सेकंदाला किती खर्ची पडते, ती शक्ती. म्हणून 'बल' हा शब्द आला की लगेच विचारायचं: कोणी लावलं आणि कोणावर? दोन्ही नावं सांगता आली नाहीत तर तू बलाबद्दल बोलतच नाहीयेस. 'चाल' आणि 'वेग' यांचंही तसंच. चाल म्हणजे नुसतं किती जलद. वेग म्हणजे किती जलद आणि कोणत्या दिशेला. पांदणीच्या (वावराकडे जाणाऱ्या गाडीवाटेच्या) वळणावर बंडी त्याच चालीने वळली तरी दिशा बदलली, म्हणजे वेग बदलला. आणि वेग बदलला याचा अर्थ तिच्यावर कोणीतरी बल लावलं.

आता दादाचं म्हणणं. ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे, त्याला हसायचं नाही. प्राचीन ग्रीसमधला विचारवंत ॲरिस्टॉटलही जवळपास हेच सांगून गेला होता, आणि पुढची सुमारे 2000 वर्षं मोठमोठी शिकलेली माणसं तेच मानत आली. पाहण्यात त्यांची चूक नव्हती. बंडीवर लागणारं एक बल त्यांनी मोजलंच नाही, एवढंच झालं.

घरात तान्ह्या पोळ्याला मुलं ओढत नेतात तो चाकांचा लाकडी नंदी असेल, तो काढ. दोन विटांवर फळी तिरपी ठेव, फळीवर खडूने खूण कर आणि नंदीला दर वेळी त्याच खुणेवरून सोड. ढकलायचं नाही, नुसता हात काढायचा. शेणाने सारवलेल्या अंगणात तो दोन-तीन हात जाऊन थांबतो. तीच फळी शाळेच्या व्हरांड्यातल्या फरशीवर ठेवली तर कितीतरी पुढे जातो. मग चाकांच्या आखात तेलाचे दोन थेंब सोड आणि पुन्हा बघ. मी हा प्रयोग दरवर्षी करायचो. तेल घातल्यावर नंदी समोरच्या भिंतीला जाऊन टेकला की मागच्या बाकावरची मुलंही उभी राहायची. फळी तीच, खूण तीच, म्हणजे फळीवरून खाली येतानाचा वेगही जवळपास तोच. बदललं ते फक्त त्याला मागे धरून ठेवणारं घर्षण.

आता मनातल्या मनात ते घर्षण कमी-कमी करत शून्यावर आण. नंदी कुठे थांबेल? थांबायला त्याला कारणच उरत नाही. गॅलिलिओने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला उतारावरून गोळे सोडून याच वाटेने विचार केला, आणि न्यूटनने 1687 साली तो गतीचा पहिला नियम म्हणून मांडला. खरंच असं चालत राहिलेलं काही बघायचं असेल तर 1977 साली सोडलेलं व्हॉयेजर-1 यान आहे. ते आजही सेकंदाला साधारण 17 किलोमीटरने दूर चाललं आहे. त्याला पुढे ढकलायला इंजिन चालू नाही आणि अडवायला तिथे माती नाही. सूर्याची ओढ त्याचा वेग थोडा-थोडा कमी करते, तेवढंच.

मग बैल करतात तरी काय? आकडे घेऊन बघू. कापसाने भरलेली बंडी 1000 किलो धर. (बाजार समितीच्या काट्यावर आपण याला वजन म्हणतो. भौतिकशास्त्रात हे वस्तुमान. वजन म्हणजे पृथ्वी त्या बंडीला खाली ओढते ते बल.) कच्च्या रस्त्यावर चाकं आणि आख मिळून तिला समजा 500 न्यूटनने मागे ओढतात (न्यूटन हे बल मोजायचं एकक). निघताना बैलजोडी 600 न्यूटन लावते. बंडीवर शिल्लक बल 100 न्यूटन पुढच्या दिशेला. 100 ला 1000 ने भाग, त्वरण आलं 0.1. म्हणजे दर सेकंदाला वेग 0.1 मीटर प्रति सेकंदाने वाढतो, आणि 10 सेकंदांत बंडी सेकंदाला 1 मीटर या चालीवर येते. ही बैलांची रोजची चाल. त्यानंतर बैल आपोआप हात सैल सोडल्यासारखे 500 न्यूटनवर येतात. पुढे 500, मागे 500, शिल्लक शून्य. तरी बंडी थांबत नाही, त्याच वेगाने चालत राहते. बंडी चालती ठेवायला बल लागतं असं दादाला वाटतं. खरं म्हणजे बैल रस्त्याचं घर्षण फेडत असतात. ते फेडणं थांबलं की घर्षण एकटं उरतं आणि तेच बंडीला थांबवतं. निघताना बैलांना जास्त दम लागतो आणि एकदा बंडी लागली की त्या मानाने सोपं जातं, हे दादाने स्वतः हाकताना पाहिलेलं असणार. ते वरचे 100 न्यूटन तेच.

तुझा दुसरा प्रश्न मला सगळ्यात आवडला. यावर मी स्वतः शिकत असताना बरेच दिवस अडून होतो, आणि 'क्रिया-प्रतिक्रिया समान व विरुद्ध' हे वाक्य म्हणून माझी समजूत काही पटत नव्हती. सुटका झाली ती 'कोणावर?' या प्रश्नाने. बैलाने लावलेलं बल बंडीवर आहे. बंडीने लावलेलं बल बैलावर आहे. दोन्ही समान, दोन्ही उलट दिशेचे, पण दोन वेगळ्या अंगांवर. बेरीज एकाच वस्तूवरच्या बलांची करायची असते. मी तुला 600 रुपये उसने दिले तर माझ्या वहीत 600 खर्च आणि तुझ्या वहीत 600 जमा. दोन वह्या एकत्र करून 'शून्य झालं, व्यवहारच झाला नाही' असं कोणी म्हणत नाही.

म्हणून कागदावर आधी फक्त बंडी काढ. तिच्यावर बैलांचे 600 पुढे, रस्त्याचे 500 मागे. आता दुसऱ्या कागदावर फक्त बैलजोडी काढ, 800 किलोची धरू. तिच्यावर बंडीचे 600 मागे. मग ती पुढे का जाते? कारण बैल खुरांनी जमिनीला मागे ढकलतात आणि जमीन त्यांना पुढे ढकलते. बैलांनाही तेच 0.1 त्वरण हवं, त्यासाठी शिल्लक बल 80 लागतं, म्हणून जमिनीला 680 द्यावे लागतात. आता ताळा कर. पूर्ण जोडी आणि बंडी मिळून 1800 किलो, बाहेरून पुढे 680, मागे 500, शिल्लक 180. भागाकार 0.1. जुळलं. बंडीला पुढे नेणारं बल शेवटी जमिनीकडून येतं, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ बैलांच्या खुरांकडेच बघत बसलो होतो.

आणि जमीन द्यायला तयार नसेल तर काय होतं, ते आमच्या गावच्या पांदणीने दाखवलं. श्रावणात खताच्या पोत्यांची आमची बंडी काळ्या मातीत आखापर्यंत फसली. बैल जोर लावायचे आणि खूर मागे सरकायचे. चिखलात खुरांच्या लांब रेघा उमटत होत्या, त्यांत लगेच पाणी भरत होतं. एकजण तुतारी (बैल हाकायची टोकदार काठी) घेऊन बैलांवर धावला, पण शेजारच्या वावरातल्या एका म्हाताऱ्या काकांनी त्याला थांबवलं. ते म्हणाले, "बैलाले कायले मारतं गा, त्याचा पाय कुठी ठरून ऱ्हायला?" मग त्यांनी धुऱ्यावर (बांधावर) रचलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या काड्या, आणून बैलांच्या खुरांखाली आणि चाकांपुढे अंथरल्या. बैलांमध्ये ताकद होती, कमी होतं ते खुराखालचं घर्षण. तेच घर्षण चाकाशी बंडीला अडवतं आणि खुराशी बैलाला पुढे ढकलतं. घर्षणाला सरसकट शत्रू म्हणू नकोस.

काकांनी आणखी एक गोष्ट केली. आम्ही पोरं बंडीला मागून ढकलत होतो. त्यांनी दोघांना चाकापाशी नेलं आणि चाकाचा वरचा भाग धरून पुढे रेटायला लावलं. चाक जमिनीला टेकतं त्या बिंदूपासून आखाचं जे अंतर, त्याच्या दुप्पट अंतर चाकाच्या वरच्या टोकाचं. त्यामुळे तिथे निम्म्या बलात तेवढाच परिणाम मिळतो. मात्र बंडी एक हात सरकायला वरचा भाग दोन हात पुढे न्यावा लागतो. बल वाचलं, अंतर वाढलं, गुणाकार तोच राहिला. या गुणाकारालाच कार्य म्हणतात: बल गुणिले बलाच्या दिशेने झालेलं विस्थापन. पऱ्हाट्या आणि चाकावरचे हात, दोन्ही मिळून बंडी निघाली. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना खोल नक्षी असते, ती त्या पऱ्हाट्यांचंच काम करते.

दुसऱ्या नियमावर (शिल्लक बलाला वस्तुमानाने भागलं की त्वरण मिळतं) फार थांबत नाही, कारण त्याचा वापर वर झालाच. फक्त उफणणी आठव. तिवईवर उभं राहून टोपलीतून धान्य सोडलं की दाणे जवळपास सरळ खाली पडतात आणि भुसा वाऱ्यावर लांब जाऊन पडतो. वारा दोघांनाही ढकलतो. पण भुशाच्या काडीचं वस्तुमान इतकं कमी की तेवढ्याशा बलानेही तिला मोठं त्वरण मिळतं, आणि दाणा फारसा हलत नाही. मळणी यंत्रातला पंखाही याच हिशोबावर चालतो.

ऊर्जेकडे येऊ. ऊर्जा म्हणजे कार्य करण्याची ऐपत, आणि तिची खासियत ही की ती एका रूपातून दुसऱ्यात जाते, नाहीशी होत नाही. विहिरीतून बैलांनी पाणी ओढायची मोट असायची. जुन्या माणसांनी तिची धाव, म्हणजे बैलांची वाट, उतरती बांधली ती उगीच नाही. पाण्याने भरलेली मोट वर येते तेव्हा बैल उतारावरून खाली जातात आणि त्यांचं स्वतःचं वजन नाड्याला (मोटेच्या दोराला) लागतं. उताराने दिलेली ऊर्जा त्यांना रिकाम्या मोटेबरोबर परत चढून भरून द्यावी लागते, पण तेव्हा ओझं नसतं. आता विहिरीवर मोटार आहे. 1000 लिटर पाणी 10 मीटर वर आणायला 1000 गुणिले 9.8 गुणिले 10, म्हणजे 98,000 जूल लागतात (जूल हे कार्य आणि ऊर्जा मोजायचं एकक). वीजबिलातलं 1 युनिट म्हणजे 36 लाख जूल. पंप आणि पाइप यांत काहीच वाया गेलं नाही तर एका युनिटमध्ये 36,000 लिटरच्या वर पाणी यायला हवं. प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी येतं, कारण उरलेली ऊर्जा मोटार गरम होण्यात आणि पाण्याच्या घर्षणात जाते. 'एचपी' आणि 'युनिट' यांत मात्र गल्लत करू नकोस. 5 एचपी म्हणजे 3730 वॅट, ही शक्ती, ऊर्जा खर्च होण्याची गती. युनिट म्हणजे एकूण किती खर्ची पडली. वरची बैलजोडी 500 न्यूटनने सेकंदाला 1 मीटर जाते, म्हणजे तिची शक्ती 500 वॅट, एक एचपीलाही कमी.

गतिज ऊर्जेत, म्हणजे गतीमुळे वस्तूत असलेल्या ऊर्जेत, वेगाचा वर्ग येतो, हे तू सूत्र म्हणून पाठ केलं असशील. हे सूत्र जिवाशी येतं, म्हणून समजून घे. कोरड्या डांबरी रस्त्यावर ताशी 30 ने जाणारी मोटारसायकल ब्रेक लागल्यापासून साधारण 7 मीटरवर थांबते असं धर. ताशी 60 ला किती? मुलं 14 सांगतात. उत्तर 28 आहे. वेग दुप्पट म्हणून थांबायला वेळ दुप्पट लागतो, आणि त्या वेळातली सरासरी चालही दुप्पट असते. दोन दुणे चार. ताशी 120 ला, समृद्धी महामार्गावर गाड्या जातात त्या वेगाला, तेच अंतर 110 मीटरच्या पुढे जातं. आणि ब्रेकवर पाय जाईपर्यंतचा एखादा सेकंद यात धरलेलाच नाही. तेवढ्यात आणखी 33 मीटर गेलेले असतात. दादाला ही चार वाक्यं नक्की वाचून दाखव.

हा वर्ग खरा की नुसता वेग पुरेसा, यावर युरोपात बरीच वर्षं वाद चालला होता. अठराव्या शतकात हॉलंडच्या स्ग्रावेसांदे यांनी पितळी गोळे वेगवेगळ्या उंचीवरून मऊ मातीत टाकले. दुप्पट वेगाने पडलेला गोळा चौपट खोल रुतला. फ्रान्सच्या एमिली द्यु शातले यांनी त्याचं महत्त्व ओळखलं आणि वर्गाची बाजू ठामपणे मांडली. न्यूटनच्या ग्रंथाचं फ्रेंच भाषांतरही त्यांनीच केलं. हा प्रयोग आपल्या काळ्या मातीत छान होतो. चिखल मळून बादलीत भर, हातभर लांबीची सळई आधी 25 सेंटीमीटरवरून आणि मग 1 मीटरवरून उभी सोड, किती रुतली ते मोज. उंची चौपट केली की खाली पोचतानाचा वेग दुप्पटच होतो, चौपट नाही. खड्डा मात्र चौपटीच्या जवळ जातो.

कधी लोणारला गेलीस तर काठावर उभी राहून हा वर्ग आठव. बुलढाणा जिल्ह्यातलं ते विवर सुमारे 1.8 किलोमीटर रुंद आहे आणि अशनी आदळून काळ्या बेसाल्ट खडकात झालेलं आहे. दुरून येणारा दगड पृथ्वीच्या ओढीनेच सेकंदाला किमान 11 किलोमीटर वेग घेतो. त्या वेगाला 1 किलो दगडात 6 कोटी जूल भरतात, साधारण 14 किलो टीएनटी स्फोटकाएवढे. दगडाला स्फोटक असावं लागत नाही, वेगच पुरतो.

आता तुझ्या बाबांचा प्रश्न. तो मी शेवटी ठेवला, कारण त्याला वरचं सगळं लागतं. बाबा पोतं जमिनीवरून दीड मीटर वर उचलतात तेव्हा पोत्यावर 50 गुणिले 9.8 गुणिले 1.5, म्हणजे 735 जूल कार्य होतं. दिवसभरात 100 पोती उचलली तर 73,500 जूल. 100 ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण साडेचौदा लाख जूल ऊर्जा असते. म्हणजे या हिशोबाने 100 पोत्यांचा खर्च भाकरीच्या एका घासात भागायला हवा. तसं होत नाही, हे तुझ्या घरात सगळ्यांना माहीत आहे. मग बाकीची ऊर्जा जाते कुठे?

पोतं घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या पोटरीकडे नीट बघ. बारीक थरथर दिसते. टेबलावर पोतं ठेवलं तर टेबल थरथरत नाही. टेबलाला ऊर्जा लागत नाही, स्नायूला लागते. स्नायूतले बारीक धागे एकमेकांना पकडतात, सोडतात, पुन्हा पकडतात. पोतं जागचं हललं नाही तरी हे चालूच असतं, आणि प्रत्येक पकडीला अन्नातून आलेली ऊर्जा खर्ची पडते. ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर येते, म्हणून घाम येतो. उचलतानाही स्नायू जेवढी ऊर्जा घेतात तिचा साधारण पाचवा ते चौथा हिस्साच पोत्यापर्यंत पोचतो. त्यात दर वेळी वाकून उठताना बाबा स्वतःचं अंगही वर उचलतात, चालताना प्रत्येक पावलाला ते थोडं वर-खाली होतं, हृदय आणि श्वास जोरात चालतात. हा सगळा खर्च बाबांच्या शरीराच्या खात्यात पडतो, पोत्याच्या खात्यात नाही. 'कार्य' ही राशी कोणाची मेहनत मोजायला किंवा मजुरी ठरवायला केलेलीच नाही. एका वस्तूला बलातून किती ऊर्जा मिळाली, एवढंच ती सांगते.

म्हणून परीक्षेत 'कार्य शून्य' असं अर्धं वाक्य लिहू नकोस. इथेही 'कोणावर?' विचार आणि पूर्ण लिही: पोतं स्थिर धरून उभं राहिल्यास पोत्यावर झालेलं कार्य शून्य.